मॅक लेन नुसते बाण काढत बसले?

कॅटेगरी थिअरी, म्हणजे गणितातल्या रचना आणि त्यांना जोडणारे बाण यांची भाषा. तिचा विषय निघाला की गणितज्ञ सॉन्डर्स मॅक लेन यांच्याबद्दल एक ठरावीक मजकूर फिरायला लागतो. या माणसाने सॅम्युएल आयलेनबर्गना हाताशी धरून हवेत एक भाषा रचली, व्यवहारातल्या गणिताला कधी हात लावला नाही, गणितज्ञांनीच तिला ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट नॉन्सेन्स’ म्हणून हिणवलं आणि उपयोग शून्य. वाचायला खुसखुशीत आहे, पण पहिलाच मुद्दा साफ उलटा आहे.

‘हवेत रचली.’ १९४१ मध्ये मॅक लेन मिशिगन विद्यापीठात गटांच्या (ग्रुप: जिची क्रिया उलटवता येते अशी घटकांची रचना) विस्तारांवर, म्हणजे दोन गटांतून मोठा गट कसा घडतो यावर, व्याख्यानं देत होते. विषय बीजगणिताचा. दोनच वर्षांपूर्वी पोलंडहून आलेले आयलेनबर्ग टोपोलॉजीवाले, म्हणजे ताणलं-वाकवलं तरी न बदलणारे आकारांचे गुणधर्म अभ्यासणारे. शेवटचं व्याख्यान चुकणार म्हणून त्यांनी ते एकट्यासाठी मागून घेतलं. मॅक लेन यांच्या एका उदाहरणाचं उत्तर ऐकून ते चमकले: हे तर सोलेनॉइडच्या होमॉलॉजीसारखं (ढोबळपणे, आकारातली भोकं मोजायची पद्धत) दिसतंय! सोलेनॉइड म्हणजे काय? एक भरीव कडं घ्या. त्याच्या आत तीन फेरे घेऊन मिटलेलं बारीक कडं, त्याच्याही आत तसंच तीन फेऱ्यांचं आणखी बारीक, असं न संपणारं. सगळ्या कड्यांत मिळून जे सामाईक उरतं, ते. गटांचा आणि या विचित्र आकाराचा संबंध काय? दोघे रात्रभर बसले. त्यातून १९४२ चा शोधनिबंध आला, आणि त्यात ‘नैसर्गिक’ हा शब्द नेमका काय सांगतो हे ठरवणं भाग पडलं.

हा शब्द शोभेचा नाही. सांत मितीचा सदिश अवकाश (व्हेक्टर स्पेस) आणि त्याचा द्वैत अवकाश (सदिशाला संख्या देणाऱ्या रेषीय फलांचा अवकाश) यांची मिती सारखीच, पण दोघांची जोडी लावायला आधी आधार, म्हणजे मोजायचे मूळ सदिश, निवडावा लागतो. निवड बदलली की जोडी बदलते. द्वैताच्या द्वैताशी मात्र काहीही न निवडता जोडी जुळते. हा फरक काटेकोर मांडायला नॅचरल ट्रान्सफॉर्मेशन (एका फंक्टरकडून दुसऱ्याकडे जाणारी सुसंगत वाट) हवं, त्यासाठी फंक्टर (एका कॅटेगरीतून दुसरीत नेणारा नियम), फंक्टरसाठी कॅटेगरी (वस्तू आणि त्यांच्यातले बाण). १९४५ च्या निबंधाच्या नावातही ‘कॅटेगरी’ नाही, ‘नॅचरल इक्विव्हॅलन्स’ आहे.

‘व्यवहारातल्या गणिताला हात लावला नाही.’ युद्धकाळात मॅक लेन कोलंबिया विद्यापीठातल्या उपयोजित गणित गटाचे प्रमुख होते. विमानातून नेम कसा साधायचा, असले प्रश्न. पुढे बोलायची गरज नाही.

‘नॉन्सेन्स’ या शब्दाचं श्रेय सहसा नॉर्मन स्टीनरॉड यांना देतात. आता गंमत बघा: १९५२ मध्ये आयलेनबर्ग यांच्यासोबत बैजिक टोपोलॉजीचा पाया याच भाषेत लिहिला तो याच स्टीनरॉड यांनी. हिणवणारा माणूस असं करत नाही. तो लाडाचा शब्द होता.

‘उपयोग शून्य’ म्हणणाऱ्याने १९५७ चा गणितज्ञ ग्रोथेंडिक यांचा होमॉलॉजिकल बीजगणितावरचा, याच भाषेतला निबंध बघावा, किंवा हास्केल या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणालाही मोनॅड या कॅटेगरी थिअरीतून आलेल्या कल्पनेबद्दल विचारावं. (उत्तर लांबेल, तयारीने जा.)

एक मात्र मान्य: १९४५ च्या निबंधात भाषा भरपूर आणि प्रमेयं मोजकी. या विषयावर एवढा एकच निबंध पुरेल, असं खुद्द आयलेनबर्गना वाटलं होतं. आज ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो अ‍ॅडजॉइंट फंक्टर (उलट दिशांना जाणाऱ्या फंक्टरांची खास जोडी) त्यात नव्हताच. तो डॅनियल कान यांनी १९५८ मध्ये मांडला.