चित्रपटाचा शेवट जिन्यातच कळला, या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सायंकाळी साडेसहाच्या खेळाला आपण कुटुंबासह दादरच्या आमच्या चित्रपटगृहात आला होता. सध्या आमच्याकडे सुरू असलेला मानसशास्त्रीय थरारपट पाहून आपण एक तारा दिला आणि सविस्तर अभिप्राय लिहिला. आत जाण्यापूर्वीच शेवट जिन्यात कळला, मध्यंतर नको त्या क्षणी झाले, श्रेयनामावली सुरू होताच दिवे लागल्याने त्यानंतरचा छोटा प्रसंग दिसला नाही, आणि मुळात तो शेवट म्हणजे प्रेक्षकांची फसवणूक असल्याने पैसे परत मिळावेत, असे आपले म्हणणे आहे. व्यवस्थापकांनी ठरावीक दोन ओळींची दिलगिरी लिहून ठेवली होती. ती बाजूला ठेवून मालक या नात्याने मीच उत्तर देत आहे.

जिन्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे. आमच्या प्रेक्षागृहाला बाजूच्या गल्लीत उघडणारे बाहेर जाण्याचे दार आहे आणि एरवी खेळ सुटला की गर्दी तिकडूनच जाते. गेले काही आठवडे गल्लीत काँक्रिटीकरणासाठी खोदकाम सुरू असल्याने ते दार आम्ही आणीबाणीपुरते ठेवले आणि रोजची वर्दळ पुढच्या मुख्य जिन्याने वळवली. याचा परिणाम असा झाला की साडेतीनचा खेळ सुटून उतरणारे प्रेक्षक आणि साडेसहाच्या खेळासाठी चढणारे प्रेक्षक एकाच जिन्यात समोरासमोर येऊ लागले. इतर कोणत्याही चित्रपटाला याने फारसे बिघडले नसते. विनोदी चित्रपट पाहून हसत उतरणारी माणसे पुढच्या खेळाची जाहिरातच करतात. परंतु ज्या चित्रपटाचा सारा डोलारा शेवटच्या बारा मिनिटांवर उभा आहे, त्याचे प्रेक्षक बाहेर पडताना दुसरे काही बोलणार तरी काय? आपण वेळेच्या वीस मिनिटे आधी आलात, जिन्यातल्या रांगेत शिस्तीने उभे राहिलात, आणि त्या शिस्तीचीच शिक्षा आपल्याला झाली. ही गोष्ट पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात यायला हवी होती, कारण संध्याकाळचा माझा बराचसा वेळ बुकिंगच्या खिडकीजवळच जातो आणि तेथून जिन्यातले सगळे बोलणे ऐकू येते.

लहानपणी वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असे, आणि तो वाचक आयुष्यात एकदा तरी समोर यावा असे मला फार वाटे. आज त्या पेन्सिलवाल्याच्या जागी मीच उभा आहे, हे मान्य करताना संकोच होतो.

हिचकॉक यांनी १९६० साली ‘सायको’ प्रदर्शित करताना खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये, असा आग्रह चित्रपटगृहांकडे धरला होता आणि शेवट कुणाला सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली होती. लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या या शहरात पहिला नियम मला लावता येणार नाही. ज्याची गाडी माटुंग्याला पंधरा मिनिटे थांबली, त्याला दारातून परत कसे पाठवणार? दुसरी विनंती मात्र करता येण्यासारखी आहे. कालपासून खेळ संपताच पडद्यावर तशी पाटी दाखवली जाते. सुटलेली गर्दी पूर्ण उतरेपर्यंत पुढच्या खेळाच्या प्रेक्षकांना तळमजल्यावर उपाहारगृहाच्या बाजूला थांबवले जाते, आणि त्यासाठी दोन खेळांमधील अंतर दहा मिनिटांनी वाढवले आहे. गल्लीचे काम संपेपर्यंत हीच व्यवस्था राहील.

दिव्यांची चूकही आमचीच आहे. आमच्या प्रोजेक्शन यंत्रणेत दिवे मंद होणे आणि उजळणे हे खेळाच्या यादीत आधीच नोंदवून ठेवलेले असते, आणि श्रेयनामावलीच्या पहिल्या अक्षराबरोबर सर्व दिवे पूर्ण उजळावेत, ही आमची जुनी नोंद या चित्रपटालाही तशीच लागू झाली. ऑपरेटरने पहिल्या खेळानंतर नावांमध्ये एक प्रसंग असल्याचे व्यवस्थापकांना सांगितले होते. नोंद बदलायची कुणी, या प्रश्नात चार दिवस गेले. आता त्या प्रसंगापर्यंत फक्त पायऱ्यांचे दिवे लागतात.

मध्यंतराबद्दल मात्र आम्ही काही करू शकत नाही. चित्रपट आमच्याकडे कुलूपबंद डिजिटल फाइलच्या रूपात येतो आणि तिची किल्ली वितरकांकडून ठरावीक सर्व्हरपुरती व ठरावीक मुदतीपुरतीच मिळते. आपल्याकडच्या हिंदी चित्रपटात मध्यंतर कुठे यावे हे बनवणाऱ्यांनी ठरवलेले असते. नायिका दार उघडायला हात पुढे करते, त्याच क्षणी पडद्यावर पाटी यावी, ही त्यांचीच योजना आहे. समोसे खपावेत म्हणून आम्ही तेथे चित्रपट थांबवला, हा आपला तर्क चुकीचा आहे. (समोसे खपले, हे खरे.)

आता शेवटाविषयी. गेले नऊ दिवस मी खेळ सुटताना दाराशी उभा राहून लोकांचे ऐकतो आहे, आणि इतकी सरळ दुफळी मी क्वचितच पाहिली आहे. महाविद्यालयीन मुलांचा एक गट दुसऱ्यांदा आला होता; त्यांना उंबऱ्याबाहेरच्या चपलांचे जोड प्रत्येक प्रसंगात मोजायचे होते, आणि पहिल्या वेळी आपण इतके आंधळे कसे राहिलो याचा त्यांना आनंदच झाला होता. त्याच खेळाला आलेले शिवाजी पार्कचे एक नेहमीचे ज्येष्ठ प्रेक्षक मध्यंतरातच मला म्हणाले की त्यांना सगळे कळून चुकले आहे. तरी ते शेवटपर्यंत बसले आणि जाताना तर्क बरोबर आला म्हणून खूश होण्याऐवजी वैतागलेले दिसले. परळच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचार डॉक्टरांची हरकत निराळीच होती. चित्रपटात एक गोळी घेताच दहा मिनिटांत भास थांबतात. प्रत्यक्षात अशा औषधांचा पुरेसा परिणाम दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि हे पाहून एखाद्या घरी दोन दिवसांत औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून बंद केले जाईल, याची त्यांना काळजी वाटत होती. माझ्या मते या चित्रपटावर घेतला गेलेला सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे, आणि त्याचा धक्क्याशी काही संबंध नाही.

आपला आक्षेप असा की दिग्दर्शकाने माहिती लपवून आपल्याला फसवले. लपवणे हा रहस्यपटाचा धर्मच आहे, आणि नायिकेच्या नजरेतून दिसणारे प्रसंग खोटे निघाले, याला मी फसवणूक म्हणणार नाही, कारण तिची नजर भरवशाची नाही याच्या खुणा पहिल्या अर्ध्या तासात विखुरलेल्या आहेत. तरीही रुग्णालयातील नोंदवहीचे जे दृश्य आहे, त्यात कुणीही पात्र हजर नाही; कुणाच्याही मनातला भास म्हणून ते खपवता येत नाही. तेथे पात्र नव्हे, कॅमेराच खोटे बोलतो. एवढ्या एका जागी मी आपल्या बाजूचा आहे.

मात्र एवढ्यावरून पैसे परत देणे मला योग्य वाटत नाही. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली आला आणि दोनच वर्षांनी त्याच कथेवर राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ काढला. मराठी चित्रपट पाहिलेल्या माझ्या वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यातली स्त्री कोण हे ठाऊक होते, तरी ते हिंदी चित्रपटाला गेले आणि पुढे कितीतरी वर्षे दोन्हींची तुलना करत राहिले. शेवट आवडणे, न आवडणे किंवा आधीच ओळखणे हा प्रेक्षकाचा आणि चित्रपटाचा व्यवहार आहे. तिकिटाच्या खिडकीचा त्यात संबंध नाही. तो शेवट ज्याला स्वतः गाठायचा होता, त्याच्या कानावर तो आमच्या जिन्यात पडावा, हा व्यवहार मात्र सर्वस्वी खिडकीचा आहे.

म्हणून आपल्या तिन्ही तिकिटांची पूर्ण रक्कम जीएसटीसह आम्ही परत करत आहोत. ऑनलाइन आरक्षणाचे शुल्क आमच्याकडे येत नाही, तरी तेही आमच्या खिशातून देऊ. आरक्षणाचा क्रमांक कृपया येथे सर्वांसमोर लिहू नये. तो बुकिंगच्या खिडकीवर दाखवल्यास व्यवस्थापक त्याच वेळी रक्कम देतील. त्या रविवारी साडेसहाच्या खेळाला आलेल्या आणि जिन्यात शेवट कानावर पडलेल्या इतर प्रेक्षकांनाही तिकीट दाखवल्यास हेच लागू आहे. श्रेयनामावलीतला राहिलेला प्रसंग पाहायचा असल्यास या आठवड्यातील कोणत्याही खेळाच्या अखेरीस आपण या. डोअरकीपरला तशी सूचना दिली आहे.

एक विनंती आहे, आणि पैसे परत करण्याशी तिचा काहीही संबंध नाही. आपल्या अभिप्रायाच्या तिसऱ्या परिच्छेदात चित्रपटाचा शेवट नावानिशी लिहिलेला आहे. आमच्या जिन्यात तो दीड-दोनशे लोकांच्या कानावर पडला असेल. येथे तो त्याहून कितीतरी अधिक लोक वाचतील. एक तारा तसाच ठेवावा, जिन्याबद्दलचे कठोर शब्दही तसेच राहू द्यावेत. तेवढे एक वाक्य मात्र काढावे. हा चित्रपट आमच्याकडे येत्या गुरुवारपर्यंत आहे.

आपला नम्र,
मालक