दुकान असो नाहीतर शाळा, आधी एलिव्हेशन ठरवा

दुकान काढताय? की शाळा? काही फरक पडत नाही, हल्ली दोन्हींना पुढून एकच तोंड चालतं, तेव्हा पहिलं काम म्हणजे एलिव्हेशनचं, म्हणजे या पुढच्या तोंडाचं, थ्रीडी चित्र काढून घ्या. जागा नंतर बघितली तरी चालेल. थ्रीडीत आकाश कायम निळं असतं, वायरी लोंबत नाहीत, शेजारची बिल्डिंग म्हणजे नुसता पांढरा ठोकळा असतो आणि दारातून एक बाई लॅपटॉप घेऊन कुठेतरी निघालेली असते, कुठे ते कुणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, "छान आहे, पण अजून जरा मॉडर्न होईल का?"

काही आर्किटेक्ट उगाच साईटवर येतात आणि तासभर नुसते उभे राहतात. ऊन कुठून येतं, पावसाची झड कुठल्या भिंतीवर बसते, वारा कुठून, रस्त्यावरची माणसं कुठे थबकतात, शेजारच्या घरांची उंची किती, असलं काहीतरी वहीत लिहीत बसतात. अशा माणसाला प्रेमाने चहा पाजा आणि कटवा. फी घेऊन तो तुम्हाला शेवटी सांगणार काय, तर पश्चिमेला काच लावू नका! आणि काच नाही लावली तर लोकांना कळणार कसं की आपण प्रगती केलीय?

लंडनला एक उंच बिल्डिंग आहे, काचेची आणि आतल्या बाजूला वळलेली. २०१३ मध्ये तिच्यावरून परावर्तित होऊन ऊन खाली रस्त्यावर असं एकवटलं की पार्क केलेल्या गाडीचे भाग वितळले. त्यांना नंतर बाहेरून सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. आता याला काय अपयश म्हणायचं? इमारतीचा आजूबाजूच्या परिसराशी इतका थेट संबंध आला म्हणजे अजून काय पाहिजे.

आता ओळख. ओळख म्हणजे बोर्ड, एवढं लक्षात ठेवलं की झालं. शेजाऱ्याचा चार फुटांचा असेल तर तुमचा सहाचा, मग तो आठचा करेल, मग तुम्ही आतून लाईट सोडा, मग तो लाईट उघडझाप करेल, आणि शेवटी गिऱ्हाईक समोर उभं राहून फोन करेल, "अहो, नक्की कुठे आहे तुमचं दुकान?" तेव्हा त्याला सांगायचं, झाडाच्या शेजारी. (झाडाने बोर्ड झाकला जातो म्हणून तुम्ही ते आधीच तोडलं असेल तर मग मात्र अवघड आहे.) ब्राझीलमध्ये साओ पावलो शहराने २००७ पासून होर्डिंगच बंद केली आणि दुकानाची रुंदी बघून बोर्डाला माप ठरवून दिलं, त्यामुळे बोर्डांच्या मागे इतकी वर्षं इमारती होत्या हे लोकांना दिसायला लागलं. असा रसभंग आपल्याला परवडणार नाही.

मोठ्या कंपन्यांचं बघून शिका म्हणतात, पण त्याही कधीकधी कच खातात. अमेरिकेत सेडोनाला लाल डोंगरांपुढे पिवळा रंग डोळ्यांत खुपतो असं गावाचं म्हणणं पडलं तर मॅकडोनाल्ड्सने तिथल्या बोर्डावरच्या पिवळ्या कमानी चक्क निळसर हिरव्या केल्या, १९९३ मध्ये. आणि धंदा चालूच राहिला, हे त्यातलं सगळ्यात वाईट. जपानमध्ये दाझाइफूला देवळाच्या वाटेवर स्टारबक्स आहे, केंगो कुमा या आर्किटेक्टने २०११ मध्ये केलेलं, आत सुमारे २००० लाकडी दांड्या एकमेकांत तिरक्या गुंफल्यात. बाहेर अवाढव्य बोर्ड नाही आणि तरी लोक फोटो काढतात. फुकट जाहिरात घेणं आपल्या तत्त्वात बसत नाही.

अगदीच संस्कृती वगैरे दाखवायची असेल तर दोन खांब आणि एक कमान आणा, फायबरमध्ये मिळतात. फक्त कुणी टिचकी मारणार नाही एवढी काळजी घ्या.

शाळेचं मात्र जरा मनावर घ्या, कारण शाळेत मुलं असतात आणि ती डिझाईन बिघडवतात. बुर्किना फासोमधल्या गांदो गावचा फ्रान्सिस केरे, जर्मनीत आर्किटेक्चर शिकत असतानाच गावाला शाळा बांधायला निघाला, तर कशाची? मातीची! गावकऱ्यांनाही ते पटेना, माती पावसात टिकते होय? याने मातीत थोडं सिमेंट घालून विटा दाबून घेतल्या, वर पत्रा घातला पण भिंतींपासून चांगला उचलून, म्हणजे मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते आणि पत्रा बाहेर आल्यामुळे भिंती भिजत नाहीत. बांधायला गावच. २००१ मध्ये झाली ती शाळा, आणि या माणसाला २०२२ मध्ये प्रित्झ्कर, म्हणजे आर्किटेक्ट लोकांचं सगळ्यात मानाचं बक्षीस, मिळालं. बघा, एकवीस वर्षं लागली! तुमचा कॉन्ट्रॅक्टर सहा महिन्यांत काचा बसवून देतो.

टोकियोजवळच्या फुजी बालवाडीने तर कहरच केला, लंबगोल कड्यासारखी इमारत, मुलं छपरावर गोल गोल पळतात, आणि जागेवरची मोठी झाडं न तोडता छपरातून तशीच वर काढलीत. कोपराच नाही म्हटल्यावर मुलांना कोपऱ्यात उभं कुठे करणार, सांगा.

मी एक शाळा बघायला गेलो होतो, नवीकोरी, पुढून अख्खी काच, आणि काचेवर आतून रंगीबेरंगी चार्टपेपर चिकटवलेले. म्हटलं वा, मुलांची कामं लावलीत, किती छान. तर बाई हळूच म्हणाल्या, "नाही हो, फळ्यावर ऊन येतं." दिवसा ट्यूबलाईट चालू. वर फॉल्स सीलिंग, त्यात एसीसाठी भोकं ठेवलेली, एसी पुढच्या बजेटमध्ये. बाहेर मोठ्या अक्षरांत इंटरनॅशनल लिहिलेलं, आणि खरंच होतं ते, अशी शाळा जगात कुठेही असू शकते.

तर चार्टपेपरची सोय आधीच करून ठेवा. दुकान असेल तर पायरीवर दांडे बसवा, नाहीतर सावली बघून कुणीतरी टेकायचं आणि टेकलेला माणूस उठताना काहीतरी विकत घेऊन जायचा. आणि उद्घाटनाचा फोटो सकाळी नऊच्या आत उरकून घ्या, दुपारनंतर काचेच्या आतले पडदे ओढावे लागतात आणि मग ते थ्रीडीशी काही जुळत नाही.