कार्ड बदलण्यापूर्वी केबल तपासावी
लिनक्स संगणकाचे नेटवर्क वारंवार तुटू लागल्यास नेटवर्क कार्ड बदलावे, हा एका लेखात दिलेला सल्ला मला घाईचा वाटतो. आमच्या सांगलीतील कार्यालयात हीच तक्रार होती आणि 'डीमेसेज'च्या (लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी आज्ञा) नोंदींत जोडणीचा वेग सेकंदाला १००० वरून १०० मेगाबिटवर उतरलेला दिसला. गिगाबिटला (म्हणजे १००० मेगाबिटला) केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोनांपैकी एखादी जोडी तुटली, तरी नेटवर्क पूर्ण बंद न पडता बहुधा कमी वेगाने रखडत चालते. 'ईथटूल'मध्ये (नेटवर्क कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा) सीआरसी त्रुटी, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी, वाढत असतील, तर आधी केबल आणि स्विचचे पोर्ट बदलून पाहावे. पावसाळ्यात आपल्याकडे हलक्या प्रतीचे कनेक्टर गंजतात, तेही पाहावेत. त्रुटी शून्य असूनही 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' (पाठवायचा डेटा वेळेत बाहेर गेला नाही) हा संदेश येत राहिला, तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) व वीजबचतीची सेटिंग तपासावी आणि त्यानंतरच कार्डावर खर्च करावा.