प्रतिक्रियेला उत्तर: मेमरीतला डेटाबेस कशासाठी?

नमस्कार. ग्रंथालयाची दाखल नोंदवही आणि देवघेवीची नोंद पायथनमधून एसक्यूलाइटच्या (सर्व्हरशिवाय चालणारं छोटं डेटाबेस इंजिन) मेमरीतल्या, म्हणजे फाइलऐवजी फक्त रॅममध्ये राहणाऱ्या, डेटाबेसमध्ये घालून कशी ताडून पाहायची, या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: हे काम लिस्ट आणि डिक्शनरीत होतं, फार तर पांडाज (पायथनचं तक्ते हाताळणारं पॅकेज) आहे, प्रोग्रॅम बंद पडला की सगळं जातं, तुमच्या वेब अ‍ॅपमध्ये हाच प्रकार केला तेव्हा दुसऱ्या रिक्वेस्टला ‘असं टेबल नाही’ अशी एरर आली, आणि खरा डेटाबेस पोस्टग्रेसचा (सर्व्हरवर चालणारं डेटाबेस इंजिन) असताना कोड तपासणाऱ्या टेस्ट मेमरीतल्या एसक्यूलाइटवर चालवणं ही शुद्ध फसवणूक आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो मला पूर्ण मान्य आहे. माझ्या लेखात टेस्टचा विषय नव्हता, पण ही सवय बरीच पसरली आहे आणि ती घातक आहे. एसक्यूलाइटमध्ये इंटिजर कॉलममध्ये ‘गहाळ’ असा शब्द घातला तरी तो मुकाट्याने ठेवून घेतला जातो. पोस्टग्रेस तो नाकारतो. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची (एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे, या नियमाची) तपासणी मुळात बंद असते, ती प्रत्येक कनेक्शनवर प्रॅग्मा (सेटिंग बदलणारी आज्ञा) देऊन चालू करावी लागते. म्हणजे टेस्ट हिरवी दिसते आणि प्रत्यक्षात तीच ओळ कोसळते. पोस्टग्रेससाठी लिहिलेला कोड पोस्टग्रेसवरच तपासावा: प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवायची आणि शेवटी रोलबॅक करायचा, म्हणजे केलेले बदल मागे घ्यायचे. मूळ प्रोग्रॅमच एसक्यूलाइटची फाइल वापरत असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग दोन्हीकडे इंजिन एकच असतं.

आता लिस्ट आणि डिक्शनरी. वर्षभरात एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं काढायची असतील तर दाखल क्रमांकांचे दोन सेट घेऊन वजाबाकी केली की झालं. इथे तुमचं बरोबर आहे. पण ग्रंथालयातली मंडळी एका प्रश्नावर थांबत नाहीत. मग विचारतात, यातल्या कोणत्या पुस्तकांची दुसरी प्रत मात्र सतत बाहेर असते? देवघेवीत आहेत पण दाखल वहीत नाहीत, असे क्रमांक कोणते? एकाच लेखकाची किती पुस्तकं एकाच वाचकाकडे अडकली आहेत? डिक्शनरीला की एकच असते, आणि इथे प्रत्येक प्रश्नाला वेगळी लागते: एकदा दाखल क्रमांक, एकदा शीर्षक, एकदा लेखक आणि वाचक मिळून. प्रत्येक वेळी नवी डिक्शनरी, नवा लूप. टेबलात घातलेल्या ओळींना कोणत्याही बाजूने विचारता येतं आणि क्वेरी चार ओळींत संपते. (लेफ्ट जॉइन करताना, म्हणजे जुळणी नसली तरी पहिल्या टेबलातली ओळ ठेवून दोन टेबलं जोडताना, तारखेची अट ऑनमध्ये लिहा, व्हेअरमध्ये नको, नाहीतर जी पुस्तकं शोधतोय नेमकी तीच यादीतून गळतात.)

पांडाज मलाही आवडतं, आकडेमोडीला तर फारच. पण ते वेगळं बसवावं लागतं. एसक्यूलाइटचं मॉड्यूल २००६ मध्ये आलेल्या पायथन २.५ पासून पायथनसोबतच येतं, त्यामुळे जिथे काही बसवायची परवानगी नाही किंवा इंटरनेट धड नाही, अशा संगणकावरही काम सुरू होतं. आणि वेग हे माझं कारण नाहीच. एवढ्या छोट्या नोंदींना फाइलवरचं एसक्यूलाइटसुद्धा पुरेसं जलद असतं.

मराठी नोंदींपुरतं सांगायचं तर दोन गोष्टींनी मी या पद्धतीकडे वळले. पहिली, अंक. दाखल क्रमांक कुणी देवनागरीत लिहितं, कुणी इंग्रजीत. देवनागरी अंक एसक्यूलाइटला संख्या वाटत नाहीत. इंटिजर कॉलममध्येही ते मजकूर म्हणूनच राहतात आणि जॉइनमध्ये जुळत नाहीत. पायथनचं इंट फंक्शन मात्र देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं. म्हणून ओळ घालण्याआधी क्रमांक इंटमधून काढायचा. शिवाय टेबल स्ट्रिक्ट, म्हणजे कॉलमचा प्रकार काटेकोरपणे पाळणारं, ठेवायचं (एसक्यूलाइट ३.३७ पासून, म्हणजे २०२१ पासून ही सोय आहे), म्हणजे निसटलेली नोंद तिथल्या तिथे अडते.

दुसरी, अकारविल्हे यादी. एसक्यूलाइटचा मूळ क्रम युनिकोडच्या क्रमांकांवर चालतो आणि तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. त्यामुळे ‘काळोख’ हा ‘कावळा’ आणि ‘काहूर’ यांच्या आधी लागतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. पायथनमध्ये दोन शब्दांची तुलना करणारं छोटं फंक्शन लिहून ते कोलेशन (क्रम लावण्याचा नियम) म्हणून नोंदवलं की ऑर्डर बाय आपल्या क्रमाने चालतं. क्ष आणि ज्ञ कुठे लावायचे तेही तिथेच ठरवता येतं. असं कोलेशन वापरून फाइलमध्ये इंडेक्स केला आणि ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडली, तर ते कोलेशन त्याच्याकडे नसल्यामुळे एरर येते. मेमरीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण डेटाबेस आणि फंक्शन एकाच प्रोग्रॅमबरोबर जन्मतात आणि जातात.

सगळं जातं, या आक्षेपाबद्दल. मूळ नोंदी सीएसव्हीत सुरक्षित असतात. मेमरीत असतं ते फक्त कच्चं काम, पुन्हा चालवलं की पुन्हा उभं राहतं. ठेवावंसं वाटलंच तर पायथन ३.७ पासून कनेक्शनवर बॅकअप ही मेथड आहे, ती सगळा डेटाबेस फाइलमध्ये उतरवते. पण मला ते जाणंच हवं असतं. कोण काय वाचतं ही नोंद खाजगी आहे. ग्रंथालयाच्या सामाईक संगणकावर तिची आणखी एक प्रत कुठल्या तरी फोल्डरमध्ये विसरून राहावी, हे मला अजिबात पटत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीतली पानं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, टाकू शकते, तेवढी मर्यादा मान्य. एसक्यूलाइट स्वतः मात्र हा डेटाबेस डिस्कवर फाइल म्हणून ठेवत नाही.

राहिली तुमची ती एरर. मेमरीतल्या डेटाबेसला केलेलं प्रत्येक नवं कनेक्शन हा नवा, रिकामा डेटाबेस असतो. तुमचं अ‍ॅप दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडत असणार, म्हणून पहिल्याने केलेलं टेबल दुसऱ्याला दिसलं नाही. यूआरआय पद्धतीने, म्हणजे वेबपत्त्यासारखं, नाव देऊन, मोड मेमरी आणि कॅश शेअर्ड ठेवून एकाच प्रोसेसमधल्या कनेक्शनना तो वाटून घेता येतो, मात्र निदान एक कनेक्शन सतत उघडं राहायला हवं. तरीही शेअर्ड कॅश वापरू नका असं एसक्यूलाइटच्या दस्तऐवजातच म्हटलं आहे, आणि सर्व्हरवर अनेक प्रोसेस असतील तर त्याचा उपयोगही नाही. तुमच्या अ‍ॅपसाठी मी साधी फाइल वापरेन आणि तिला वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) ठेवेन.