खुलासा: डे-केअरची फी एचएसएमधून भरता येत नाही

‘डे-केअरची फी एचएसए कार्डाने भरा, कर वाचेल’ हा अमेरिकेतील मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा संदेश चुकीचा आहे. तो मीही पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा. एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट) हे वैद्यकीय खर्चासाठीचे करसवलतीचे बचत खाते आहे. मुलांच्या सांभाळाचा खर्च, त्यामुळे पालकाला उपचारासाठी जाता आले तरीही, वैद्यकीय खर्चात धरता येत नाही, असे आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर विभागाच्या) ५०२ क्रमांकाच्या प्रकाशनात स्पष्ट म्हटले आहे. अशा खर्चासाठी एचएसएमधून काढलेल्या रकमेवर ६५ वर्षांखालील खातेदाराला नेहमीच्या आयकराखेरीज २० टक्के जादा कर बसतो, म्हणजे १,००० डॉलरच्या फीवर २०० डॉलरचा नाहक भुर्दंड. घोटाळा बहुधा नावांमुळे झाला असावा: डे-केअरच्या फीसाठीचे खाते ‘डिपेंडंट केअर एफएसए’ (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट) असून, ते नोकरीच्या ठिकाणी उपलब्ध असल्यास, पालक कामावर असताना होणारा १३ वर्षांखालील मुलांच्या सांभाळाचा खर्च त्यातून भागवता येतो. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.