एमपी३ची फ्लॅक केली म्हणून गेलेला आवाज परत येत नाही

‘घरच्या सर्व्हरवरून मोबाइलवर स्टुडिओसारखं संगीत’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जुन्या एमपी३ फाइली फ्लॅक या आवाजाच्या फाइल-प्रकारात बदला, त्या लॉसलेस होतात, म्हणजे त्यात आवाजातलं काहीही हरवलेलं नसतं. वायफायवर आवाज पातळ होतो, केबलच लावा. १९२ किलोहर्ट्‌झखालचं (म्हणजे सेकंदाला आवाजाचे १,९२,००० नमुने घेतलेल्यापेक्षा कमी) काही ठेवू नका. आणि घराबाहेर ऐकाल तर डेटा संपेल. मी दुर्लक्ष केलं असतं, पण मामांनी अख्खा शनिवार घालवून आपलं सगळं नाट्यसंगीत ‘लॉसलेस’ केलं आणि ज्या सीडींवरून त्या एमपी३ बनवल्या होत्या, त्यांचा खोका रद्दीवाल्यासाठी दाराशी काढून ठेवला.

माझा खरा राग या पहिल्याच दाव्यावर आहे. एमपी३ बनतानाच, कानाला फारसं जाणवणार नाही असं धरून आवाजातला बराच भाग काढून टाकलेला असतो. जे फाइलमध्ये उरलंच नाही ते फ्लॅक आणणार कुठून? मामांची पाच मिनिटांची, १२८ केबीपीएसची फाइल जेमतेम ५ एमबीची होती, ती २७ एमबी झाली. मी ती ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या उंचीचा आवाज कधी आहे त्याचं चित्र, दाखवला. १६ किलोहर्ट्‌झच्या वर काहीच नाही, पट्टी धरून कापल्यासारखं. शेजारी सीडीवरचं तेच पद उघडलं, तर तबल्याच्या किनारीचा ठोका न् ठोका त्या रेघेच्या वर चढलेला. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “तो खोका आत घे आधी.”

फ्लॅकचं अधिकृत प्रमाण म्हणजे इंटरनेटची प्रमाणं ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेचा आरएफसी ९६३९ हा दस्तऐवज, डिसेंबर २०२४चा. त्यात मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाजाच्या डेटावरून काढलेला तपासणीचा छोटा आकडा) फाइलच्या सुरुवातीलाच नोंदवायची सोय आहे. फाइल उलगडून तो जुळला की काहीही हरवलेलं नाही. पण हा ठसा तुम्ही दिलेल्या आवाजाचा! एमपी३ दिलीत तर त्या कापलेल्या आवाजाचाच.

वायफायचा दावाही इथेच निकालात निघतो. घरच्या सर्व्हरवरचं नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिनसारखं संगीत पुरवणारं सॉफ्टवेअर फाइलच पाठवतं, वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. सिग्नल कमी पडला तर गाणं अडकेल, पातळ होणार नाही.

१९२चं एका वाक्यात सांगतो: नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतचा आवाज पकडता येतो, म्हणून सीडीचे ४४.१ किलोहर्ट्‌झ २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज धरतात, आणि तरुण कानही २०च्या आसपास थांबतो.

डेटाचं मात्र थोडं खरं आहे. सीडीच्या दर्जाची फ्लॅक तासाला ३००-४०० एमबी सहज खाते. त्यावर उपाय आहे: मोबाइल डेटावर असताना सर्व्हरला ओपस या कमी डेटा खाणाऱ्या प्रकारात बदलून पाठवायला सांगायचं, मूळ फाइल घरी शाबूत राहते. नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनवर तरी आवाज एसबीसी किंवा एएसी या आवाज दाबून लहान करण्याच्या पद्धतींनी पुन्हा दाबला जातोच. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

सध्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडी उतरवण्याचं सॉफ्टवेअर लावून सीडी थेट फ्लॅकमध्ये उतरवतोय. अकरा झाल्या. बाराव्या सीडीवर ओरखडे आहेत, ती सकाळपासून तिसऱ्या पदावर अडली आहे.