जर्मनीतल्या ‘फुकट’ एमएसबद्दल खुलासा

‘जर्मनीत एमएस साफ फुकट, फक्त दहा-बारा लाख सरकारी फी आधी भरा’ हा मेसेज सध्या फिरतोय. फुकट आणि वर दहा लाख फी, हे गणित पाठवणाऱ्यालाच ठाऊक!

ती रक्कम फी नाहीच. ती ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे तुमच्याच नावावरच्या, पण दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँक खात्यातली. सप्टेंबर 2024 पासून विद्यार्थी व्हिसासाठी त्यात वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात. तिथे पोहोचल्यावर दरमहा 992 युरो तुमच्याच हातात येतात. त्यातूनच खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा. म्युनिकमध्ये भाड्यातच बराचसा महिना संपतो. ही रक्कम एजंटच्या खात्यात भरायची नसते, एवढं घरच्यांना आधी सांगा.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली.

राहिलं शिकता शिकता नोकरी करण्याचं. मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम केलेलं चालतं. विद्यापीठातल्याच ‘हिवी’ म्हणजे विद्यार्थी-सहायकाच्या कामाचे तास मात्र यात धरत नाहीत. अशा कामाबद्दल पहिल्याच सत्रात प्राध्यापकांना विचारून ठेवा.